कवितेची नावड कोणी लावली?

माध्यमिक शाळेतील मुलांस, शिक्षक जवळ नसताना व गुणांची भीती नसताना, कोणी विश्वासाने विचारिले की, ‘तुमच्या मराठीच्या पुस्तकातील कोणता भाग तुम्हांस नकोसा वाटतो?’ तर त्यांतील पुष्कळ मुले फारसा संकोच न करिता कवितेकडे बोट दाखवितात. हे ऐकून आमच्यातील वडीलधारी मंडळी दोन प्रकारे हळहळते. कोणी म्हणतात, अलीकडच्या मुलांत रसिकताच उरली नाही. मोबाइलच्या पडद्याने त्यांची मने उथळ करून टाकिली. कोणी म्हणतात, कविता ही मूठभरांची मिरास. ज्यास दैवाने तसा कान दिला त्यासच ती कळावयाची, इतरांनी ती परीक्षेपुरती पाठ करावी व मोकळे व्हावे. ही दोन मते वरकरणी निराळी दिसली तरी दोहोंत मुलास आरोपी करून शाळेस निर्दोष सोडून देण्याची युक्ती एकच आहे, आणि म्हणूनच ती आम्हांस मान्य नाहीत. कोणतेही मूल कवितेचे वैर घेऊन जन्मास येत नाही. पाळण्याच्या दोरीबरोबर त्याने गाणे ऐकिलेले असते; अक्षरओळख होण्यापूर्वी गणपतीची आरती त्याच्या तोंडी बसलेली असते; भोंडल्याची गाणी, पावसाची गाणी, एकमेकांस चिडविण्यासाठी रचलेली यमके, ही सारी त्याने कोणाही गुरूवाचून संपादन केलेली असतात. तेच मूल आठवीनववीत जाताच कवितेचे नाव निघाल्याबरोबर जांभई देऊ लागते, तर मधल्या काळात काय घडले याची चौकशी करणे प्राप्त आहे. ही चौकशी आम्ही आज करणार आहोत. आणि तिचा रोख मुलांकडे नसून आमच्या अध्यापनपद्धतीकडे आहे हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

कवितेचा तास कसा चालतो ते प्रथम पाहू. फळ्यावर कवितेचे नाव येते. त्याखाली कवीचे संपूर्ण नाव, टोपणनाव व जन्ममृत्यूची साले येतात. मग ‘कठीण शब्द’ व त्यांचे अर्थ मुले वहीत उतरवून घेतात. मग शिक्षक एकेक कडवे घेऊन ‘येथे कवी असे म्हणतो की’ या मंत्राने त्याचे गद्य करितात. कविता सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्याने व मन लावून म्हणून दाखविण्याचा प्रसंग पुष्कळ वर्गांत येतच नाही. आलाच तर ते काम एखाद्या हुशार मुलीकडे सोपविले जाते व ती बिचारी रेल्वेचे वेळापत्रक वाचावे तशी ती वाचून खाली बसते. मागल्या बाकावरील मुलाच्या मनात या वेळी एक शंका येते, पण ती उघड बोलण्याचे धैर्य त्यास होत नाही. त्यास वाटते, कवीस जे म्हणावयाचे होते ते जर आमच्या बाईंनी चार साध्या वाक्यांत सांगितले, तर त्या कवीने एवढा आडवळणाचा खटाटोप केलाच कशाला? ही शंका मूर्खपणाची नाही. ज्या पद्धतीत कवितेचे गद्य हेच कवितेचे सार मानिले जाते, त्या पद्धतीचा तो बिनतोड निकाल आहे.

परीक्षा तर याहून पुढे गेली आहे. दहावीच्या मुलांस कवितेतील दिलेल्या ओळींचे रसग्रहण लिहावयाचे असते, आणि त्यासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे ठरवून दिलेले आहेत. ज्यांनी हे मुद्दे योजिले त्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. मुलांनी नुसता अर्थ न लिहिता कवितेच्या रूपाकडेही पाहावे अशीच त्यांची इच्छा असली पाहिजे. परंतु फळ काय आले? बाजारातील मार्गदर्शकांनी या तीन मुद्द्यांचे तीन साचे तयार केले, शिकवण्यांनी ते घोटून घेतले, आणि कोणत्याही कवितेस लागू पडणारी विशेषणे मुलांच्या हाती आली. कवितेची भाषा नेहमी ‘ओघवती’ असते. शब्दरचना ‘चित्रदर्शी’ असते. आणि कविता ‘मनाला भिडते’. ज्या मुलाच्या मनास त्या कवितेचा स्पर्शही झालेला नाही, ते मूल ‘ही कविता माझ्या मनाला भिडते’ असे सुवाच्य अक्षरात लिहिते व गुण मिळविते. जे मूल प्रामाणिकपणे ‘मला या कवितेत काही विशेष वाटले नाही, कारण अमुक’ असे लिहील, त्याचे काय होईल याची कल्पना वाचकांनीच करावी. काव्याचे राहो, पण पंधरा वर्षांच्या मुलास स्वतःच्या मनाविषयी खोटी साक्ष देण्याची सवय लावणे, हा नीतीच्या दृष्टीनेही लहान अपराध नव्हे. ज्या गोष्टीविषयी आपणांस नित्य खोटे बोलावे लागते, तिचा मनुष्यास वीट यावा यात नवल ते काय?

हा रोग नवा आहे काय? आमच्या शालेय काव्यशिक्षणाचा इतिहास पाहता इ. स. १८५४ हे साल मोठे अर्थपूर्ण दिसते. त्या वर्षी परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी जुन्या मराठी कवींच्या काव्यातून निवडलेले वेचे ‘नवनीत’ या नावाने प्रसिद्ध झाले, आणि पुढे कित्येक पिढ्या ते विद्यार्थ्यांच्या हाती राहिले. पोथ्यांत बांधून पडलेले काव्य छापील पुस्तकातून शाळेत आणण्याचे ते काम थोर होते. त्याविषयी कृतज्ञता न बाळगणारा मनुष्य करंटा म्हटला पाहिजे. परंतु त्याच १८५४ साली पुण्यात दुसरेही एक पुस्तक निघाले. सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह तो. मुलींस व शूद्रातिशूद्रांच्या मुलांस शिकविणाऱ्या एका बाईने स्वतः कविता रचिल्या, आणि फुलाझाडांपासून विद्येच्या महत्त्वापर्यंतचे विषय सोप्या चालींत मांडिले. एका पुस्तकात काव्य म्हणजे पूर्वजांची जपून ठेवावयाची ठेव होती. दुसऱ्यात काव्य म्हणजे ज्यांस कधी कोणी बोलूच दिले नाही त्यांच्या तोंडी देण्याचे साधन होते. शाळेने पहिले पुस्तक उचलिले व दुसरे दीर्घ काळ बाजूस राहिले. आम्हांस असे वाटते की, आजच्या मुलाच्या जांभईचे एक मूळ या निवडीत आहे. कविता ही आपण म्हणावयाची, रचावयाची, थट्टेत व दुःखात वापरावयाची वस्तू आहे हे शाळा विसरली. ती केवळ समजून घेण्याची वस्तू झाली.

वास्तविक मराठी कविता ही डोळ्यांपेक्षा कानांनी व ओठांनी जगलेली कविता आहे. मोरोपंतांच्या आर्या संस्कृत समासांनी जड झालेल्या. तरीही त्या कीर्तनकाराच्या मुखातून शतकभर अशा श्रोत्यांपर्यंत गेल्या की ज्यांतील पुष्कळांस वाचता येत नव्हते. जात्यावर बसणाऱ्या बायांनी रचलेल्या ओव्या साने गुरुजींनी गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख ओव्या, आणि रचणाऱ्यांपैकी बहुतेकींनी शाळेचा उंबरा पाहिलेला नाही! जळगावाजवळच्या आसोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षर लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या चिरंजीवांनी, कवी सोपानदेव यांनी, व एका आप्ताने उतरून ठेविली म्हणून वाचली, आणि बाई १९५१ साली वारल्यावर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. ज्या भाषेत निरक्षर स्त्रीने असे काव्य करावे, त्या भाषेत साक्षर मुलास काव्य रुचू नये, हा विरोधाभास शिक्षणखात्यास अस्वस्थ करणारा असावयास पाहिजे.

कोणी म्हणेल की, हा जुना काळ गेला. आताच्या मुलांस संस्कृतप्रचुर शब्द कळत नाहीत, मग प्रथम अर्थ सांगितल्यावाचून कसे चालेल? यास आमचे उत्तर एका प्रसिद्ध उदाहरणाने देतो. १९५५ साली रामनवमीस पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. सुधीर फडके यांच्या चालींवर, आठवड्यास एक या क्रमाने वर्षभरात छपन्न गीते प्रसारित झाली. त्या गीतांतील शब्दकळा काही बाजारहाटाची नाही. सामासिक शब्दांची तीत रेलचेल आहे. तरी घरोघरी, चहाच्या दुकानांपुढे, ज्याच्याकडे रेडिओ होता त्याच्या ओसरीवर, माणसे ती ऐकण्यास जमली. त्यांस कोणी शब्दार्थांची यादी दिली नव्हती. त्यांनी आधी गाणे घेतले. अर्थ मागाहून, थोडा थोडा, काहींस वर्षांनी, आला, आणि काही शब्दांचा आलाच नाही तरी त्यांचे काही अडले नाही. कवितेचा अर्थ हा दार उघडल्याशिवाय आत जाऊ न देणारा पहारेकरी आहे अशी समजूत शाळेने करून घेतली आहे. अनुभव उलट आहे. जी ओळ कानात घोळत राहते तिचाच अर्थ शोधण्याची मनास हुरहुर लागते.

वृत्तांचीही हीच कथा. मुलास ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र पाठ करावयास लावितात, अक्षरांवर लघुगुरूंच्या खुणा करून घेतात, तीनतीन अक्षरांचे गण पाडवितात आणि मग त्यास सांगतात की, हे भुजंगप्रयात झाले. ज्या घरात मनाचे श्लोक म्हटले जातात त्या घरातील मुलाने भुजंगप्रयात हजार वेळा तोंडाने म्हटलेला असतो. चार वेळा येणारा य गण, एक लघु व दोन गुरू, ही चाल त्याच्या जिभेस ठाऊक असते. परंतु ओळखीच्या चालीचेच हे शास्त्र आहे असे त्यास कोणी सांगत नाही, आणि म्हणून त्यास वृत्त म्हणजे बीजगणिताची एक दरिद्री शाखा वाटते. उलट, प्रथम वर्गाने ते श्लोक एका सुरात म्हणावे, मग टाळी द्यावी, मग टाळी कोठे पडते ते पाहावे, आणि सर्वांच्या शेवटी फळ्यावर खुणा कराव्या, असे केले तर हाच विषय खेळ होतो. अभंगाचे तर याहून सोपे. सहा, सहा, सहा व चार अशी अक्षरे, दुसऱ्या व तिसऱ्या चरणास यमक; हे माप बोटांवर मोजता येते, आणि एकदा ते कानात बसले म्हणजे नववीतले मूलही त्या मापात स्वतःच्या शाळेवर, डब्यातील भाजीवर, न आलेल्या बसवर चार चरण रचू शकते. ते चरण सुमार असतील, हे खुशाल असोत. ज्याने स्वतः शेवटच्या चार अक्षरांच्या चरणापाशी अडखळून पाहिले आहे, तोच तुकोबांच्या त्या आखूड चरणात काय बळ आहे ते जाणू शकतो. आणि पुढे मर्ढेकरांनी गिरणगावाच्या व यंत्रयुगाच्या मुंबईचे दुःख सांगण्यास तोच जुना अभंग का हाती घेतला, हा प्रश्नही त्यासच पडेल. इतरांस तो ‘टीप लिहा’ म्हणून पडतो.

येथे थट्टेविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. शाळेत कवितेची थट्टा केल्यास मुलास शिक्षा होते. परंतु ज्या अत्र्यांनी पुढे मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ काढून क्रमिक पुस्तकांस नवे वळण दिले, त्याच अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहून आपल्या काळच्या मोठमोठ्या कवींची विडंबने केली, हे विसरता कामा नये. चांगले विडंबन करण्यास मूळ कवितेचे वृत्त, तिची लकब, तिचे आवडते शब्द, सारे हस्तगत करावे लागते; रसग्रहणाच्या तीन मुद्द्यांपैकी दोन मुद्दे विडंबनकाराने न सांगता पुरे केलेले असतात. वर्गातील वात्रट मुलास, ‘या कवितेची नक्कल कर, मात्र एकही मात्रा चुकू देऊ नकोस’ असे सांगून पाहावे. तो ती कविता किती वेळा वाचील याची मोजदाद ठेविली तर गंमत वाटेल.

आमच्या पाहण्यातील एका शाळेची हकीकत सांगतो. शाळा तालुक्याच्या गावची, साधी, अनुदानावर चालणारी. तेथील नववीच्या वर्गास मराठी शिकविणाऱ्या बाईंनी आठवड्यातून एक तास असा ठेविला होता की, त्या तासास पुस्तक मिटलेले असे व प्रश्न विचारावयाचे नाहीत असा करार असे. प्रथम बाई स्वतः एक कविता दोनदा म्हणत, आणि मग उरलेल्या वेळात भेंड्या चालत. भेंड्यांना अट एवढीच की सिनेमाचे गाणे चालणार नाही. बाकी श्लोक, अभंग, ओवी, भारूड, पोवाडा, पुस्तकातील कविता, आजीकडून आलेले गाणे, काहीही चालेल. पहिले दोन आठवडे तास फसला. मुले एकमेकांकडे पाहून हसली, आणि वर्गातील चारपाच नेहमीच्या हुशार मुलींवाचून कोणी तोंड उघडले नाही. तिसऱ्या आठवड्यास मागल्या बाकावरील एक मुलगा, ज्यास पुस्तकातील धडा धड वाचता येत नसे व म्हणून ज्यास वाचावयास कोणी उठवीतच नसे, तो अक्षर अडल्यावर उभा राहिला आणि त्याने एक संबंध अभंग चालीवर म्हटला. त्याचा बाप गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवीत असे. त्या दिवशी त्याच्या पक्षास अक्षर आले की सारा पक्ष त्याच्याकडे पाहू लागला. पुढे त्यास वाचन सुधारण्याचीही हौस आली, पण ती मंदगतीने, आणि वार्षिक परीक्षेत त्यास मराठीत जेमतेम गुण मिळाले हेही आम्ही सांगितले पाहिजे. नाहीतर ही हकीकत नीतिकथा होईल. वर्गातील सर्वच मुलांस काही कविता आवडू लागली नाही. दोघेतिघे शेवटपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. परंतु वर्षअखेरीस वर्गातील बऱ्याच मुलांजवळ आवडलेल्या कविता उतरून घेतलेली एक निराळी वही होती, आणि ती तपासावयास मागण्याचा मोह बाईंनी आवरिला, हे त्यांचे आम्हांस सर्वांत मोठे शहाणपण वाटते.

या मुलाच्या हकीकतीत आमच्या लेखाचा खरा मुद्दा आला आहे. ज्यांस आपण कवितेविषयी ‘नाखूष विद्यार्थी’ म्हणतो त्यांतील कित्येक मुले काव्याच्या दृष्टीने श्रीमंत घरांतून आलेली असतात. कोणाच्या घरी भजन आहे, कोणाच्या घरी गोंधळ आहे. कोणाच्या वस्तीत १४ एप्रिलला रात्रभर भीमगीतांचे जलसे चालतात आणि वामनदादा कर्डकांची गीते लहानथोरांच्या तोंडी असतात. हे वामनदादा वयात आल्यावर अक्षर शिकले आणि मग हजारोंच्या मुखी राहणारी गीते त्यांनी रचिली. जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजीमहाराजांवर पवाडा लिहिला तो हीच गोष्ट ओळखून. पंडितांची भाषा टाळून कुणब्यामाळ्यांच्या कानास रुचेल असा घाट त्यांनी बुद्ध्या निवडिला. ही सारी संपत्ती घेऊन मूल शाळेच्या दाराशी येते आणि शाळा त्यास न बोलता सांगते की, ते बाहेर ठेव. कविता म्हणजे ते नव्हे. मग ते मूल कवितेस विटते असे म्हणणे हा उलटा न्याय झाला. शाळा त्याच्या कवितेस विटलेली असते.

याचे सर्वांत बोचक उदाहरण बहिणाबाईंचेच आहे. त्यांची गाणी आज पुस्तकांत मानाने छापिली जातात. त्यांतील खानदेशी बोलीच्या शब्दांस तळटीप देऊन अर्थ सांगितला जातो आणि ‘बोलीभाषेचा गोडवा’ यावर दोन गुणांची वाक्ये लिहवून घेतली जातात. त्याच वर्गात खानदेशातून आलेली एखादी मुलगी उत्तर देताना घरचा उच्चार करिते तेव्हा वर्ग हसतो, आणि कधीकधी शिक्षकही हसतात. जी बोली कवितेत गोड ती मुलीच्या तोंडी अशुद्ध कशी झाली? ज्या शिक्षकाने त्या मुलीस उभे करून, ‘या गाण्यातील शब्दांचा अर्थ आज तू सांग, आम्ही लिहून घेतो’ असे म्हटले असते, त्यास कवितेविषयी गोडी कशी लावावी यावर निराळे व्याख्यान ऐकण्याची गरज पडली नसती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा येईल की, म्हणणे, पाठ करणे, चालीवर गाणे, ही तर जुनी घोकंपट्टीच झाली. सुधारणेच्या नावाखाली तुम्ही मुलांस पुन्हा परवच्याकडे नेता. घोकंपट्टीचे आम्ही कट्टर शत्रू आहोत. परंतु न समजलेले उत्तर भीतीपोटी घोकणे निराळे, आणि आवडलेली कविता पुनःपुन्हा म्हणून आपोआप पाठ होणे निराळे. पहिल्यात मूल निवडीत नाही, दुसऱ्यात निवडते. यास्तव आमचा आग्रह असा की, पाठ करावयाची कविता मुलाने स्वतः निवडावी. पुस्तकातील नको असेल तर ग्रंथालयातून, नाहीतर घरून आणावी. अभिनवगुप्ताने सहृदय कोणास म्हणावे हे सांगताना काव्याच्या नित्य सहवासाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे तो, अशा आशयाचे म्हटले आहे. सहृदयता उपजत असते असे त्या काश्मिरी पंडितासही वाटले नाही. ती सहवासाने येते. वर्षातून आठदहा कविता, त्याही प्रश्नांसाठी फाडून वाचावयाच्या, यास सहवास म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आधुनिक कविता गाता येत नाही. नारायण सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मधील अथवा नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) मधील कविता चालीवर कशा म्हणाव्या? म्हणू नयेच. त्या बोलाव्या. चाल नसली म्हणून आवाज नसतो असे नाही. सुर्वे स्वतः आपल्या कविता सभांतून म्हणत तेव्हा गिरणीकामगारांपासून प्राध्यापकांपर्यंत सारे स्तब्ध बसत. वसंत बापट, विंदा करंदीकर व मंगेश पाडगावकर या तिघांनी तर गावोगाव काव्यवाचने करून भरलेल्या सभागृहांस कविता ऐकण्याची सवय लाविली. त्या श्रोत्यांत किती जणांनी ते संग्रह आधी वाचले होते? मुक्तछंदाची ओळ कोठे तुटते, तेथे श्वास का थांबतो, तोच शब्द दुसऱ्यांदा येतो तेव्हा आवाज चढवावा की उतरवावा, याचा खल करण्यात एक तास सहज जातो, आणि तो खल करीत असता मुले नकळत अर्थाच्या गाभ्याशी जाऊन पोचतात. एकाच कवितेचे दोघांनी दोन प्रकारे वाचन करावे व वर्गाने कोणते पटते ते सकारण सांगावे. मार्गदर्शकात याचे उत्तर नसते, हा त्याचा आणखी एक फायदा.

या सर्वांस शिक्षक लागतो, आणि येथे मात्र गोड बोलून भागणार नाही. ज्याने स्वतः गेल्या वर्षभरात अभ्यासक्रमाबाहेरची एक कविता हौसेने वाचली नाही, त्याने दुसऱ्यास हौस लावावी ही अपेक्षाच व्यर्थ होय. केशवसुत शाळामास्तर होते. फैजपुरास ते शिकवीत. साने गुरुजी अंमळनेरच्या शाळेत शिकवीत. सर्व शिक्षकांनी कवी व्हावे असे कोणी म्हणत नाही. परंतु शिक्षकाने वर्गापुढे, ‘ही ओळ मला पुरती कळलेली नाही, पण ती मला सोडीत नाही,’ एवढे कबूल करावे. या कबुलीने त्याचा मान कमी होईल ही भीती खोटी आहे. कविता म्हणजे उत्तर आधीच ठरलेले कोडे नव्हे, हे मुलास या एका वाक्याने जितके कळते तितके दहा व्याख्यानांनी कळत नाही. शिक्षकांवर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत पन्नास कामे लादली आहेत हे आम्ही जाणतो, आणि अध्यापक विद्यालयांतून कविता मोठ्याने वाचण्याचे शिक्षण जवळजवळ दिलेच जात नाही हा त्यांचा दोष नव्हे. तो दोष योजना करणारांचा आहे.

१९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाल्यापासून पुस्तकांचे बाह्यरूप पुष्कळ सुधारले. २०२० साली कायदा होऊन राज्यातील सर्व शाळांत मराठी शिकविणे सक्तीचे झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. या गोष्टींचा आम्हांस आनंद आहे. परंतु सक्तीच्या कायद्यामुळे ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही अशीही हजारो मुले आता आमच्या कवितेच्या तासास बसली आहेत. त्यांची मराठीशी पहिली ओळख रसग्रहणाच्या तीन मुद्द्यांनी करून द्यावयाची की गाण्याने, याचा निर्णय कायद्याच्या कोणत्याही कलमात नाही. तो वर्गात व्हावयाचा आहे.

मोठ्या सुधारणेस समित्या लागतात व समित्यांस वर्षे लागतात. तोवर प्रत्येक मुख्याध्यापकास आजच करता येण्याजोगी गोष्ट आम्ही सुचवितो. भाषेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे जे गुण शाळेच्या हाती असतात, त्यांपैकी काही गुण मुलाने स्वतः निवडलेली एक कविता वर्गापुढे म्हणून दाखविण्यास व ती का निवडली हे आपल्या शब्दांत, लागल्यास घरच्या बोलीत, सांगण्यास ठेवावे. ‘मला ही आवडत नाही, आणि का ते सांगतो’ असे म्हणणाऱ्यासही, कारण खरे असेल तर, पुरे गुण द्यावे. दुसरे, दिवाळीच्या सुट्टीत निबंध लिहावयास देण्याऐवजी प्रत्येक मुलाने घरातील अथवा शेजारच्या एका वृद्ध स्त्रीकडून एक ओवी किंवा एक गाणे, सांगणारीच्या नावासह, उतरून आणावे. जात्यावरची ओवी ज्यांस ठाऊक आहे अशा बायांची संख्या दरवर्षी घटत चालली आहे. चक्की आली आणि जाते माळ्यावर गेले, त्यास आता दोन पिढ्या झाल्या. नववीतील मुलाच्या आजीस कदाचित ठाऊक असेल. त्याच्या आईस बहुधा नसेल. तो विचारावयास गेला तर ती आधी नाही म्हणेल, मला कसले गाणे येते म्हणेल. त्याने तेथेच बसून राहावे.